विश्लेषण : ढोकरीच्या घरट्यावर करवत का चालते?

पावसाळा तोंडावर आला की शहरांत फांद्या छाटण्याची घाई सुरू होते. नेमका तोच ढोकरीचा घरटी बांधण्याचा काळ. छाटलेल्या फांदीबरोबर अंडी, पिल्ले खाली येतात आणि प्रश्न उरतो, या पक्ष्याला संरक्षण आहे की नाही?

ढोकरी ओळखायची कशी?

ढोकरी किंवा वंचक म्हणजे साधारण ४५ सेंटीमीटर लांबीचा, आखूड मानेचा बगळा. अंगावर मातकट तपकिरी रेघा, त्यामुळे चिखलाच्या काठावर बसली की दिसतच नाही. उडताना मात्र पांढरेशुभ्र पंख उघडतात आणि भलताच पक्षी समोरून गेल्यासारखा वाटतो. वंचक हे नाव उगीच नाही! विणीच्या हंगामात पाठ किरमिजी होते, डोक्यामागे लांब पांढरी पिसे येतात. माणूस जवळ आला तरी ती हलत नाही, म्हणून हिंदीत तिला ‘अंधा बगला’ म्हणतात. नजर तीक्ष्णच असते, भरवसा रंगावर असतो. तिचे शास्त्रीय वर्णन १८३२ मध्ये कर्नल साइक्स यांनी केले, तेही दख्खनच्या पक्ष्यांच्या यादीत.

खाते काय?

मासे, बेडूक, खेकडे, किडे. शिकार एकटीने, घरटी मात्र वसाहतीत. तीन ते पाच अंडी नर-मादी दोघेही उबवतात.

कायदा काय सांगतो?

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील ‘शिकारी’च्या व्याख्येतच पक्ष्यांची अंडी फोडणे आणि घरट्यांना उपद्रव देणे येते. बंदूकच लागते असे नाही, करवतही पुरते. झाड छाटण्याच्या परवानगीने घरटे पाडण्याची मुभा मिळत नाही.

पाणथळींचे काय?

खरी अडचण इथे आहे. २०१७ च्या पाणथळ नियमांतून भातखाचरे, सिंचनाचे तलाव, मिठागरे वगळली आहेत. ढोकरी नेमकी अशाच ठिकाणी चरते. ‘आययूसीएन’च्या यादीत ती ‘किमान चिंता’ श्रेणीत आहे, पण ही श्रेणी संपूर्ण प्रजातीपुरती असते. गावाबाहेरचे तळे बुजवले गेले तर त्याची नोंद त्यात होत नाही.

करता काय येईल?

अनेक वसाहती वर्षानुवर्षे त्याच झाडांवर असतात. त्यांची यादी करून छाटणी जानेवारी-फेब्रुवारीत उरकणे पालिकांना अवघड नाही. पिल्लू खाली पडलेले दिसल्यास राज्याच्या वन विभागाची हेल्पलाइन आहे : १९२६.