पोटाचा प्रश्न

गेली वीस वर्षे मी कॉलेजात मराठी शिकवतो. ‘पोट’ या शब्दाचे वाक्प्रचार तर मला तोंडपाठ! पण त्यांतल्या एकाचा अर्थ पोट कापून घेतल्यावरच नीट कळला.

वजन ११८ किलो आणि जोडीला मधुमेह. दुसऱ्या मजल्यावरच्या वर्गात पोचल्यावर हजेरी घ्यायलाही दम उरत नसे. वडील याच दुखण्याने ५२व्या वर्षी गेले, मी ४६चा. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढले. जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढायचा. मागे राहील ती केळ्याएवढी नळी. ‘‘पुढचे पथ्य मात्र तुमचे. जीवनसत्त्वांच्या गोळ्याही जन्मभर!’’ सही करताना हात कापला.

आई एवढेच म्हणाली, ‘‘मी भरवलेलंच काढून टाकणार की रे!’’ दुर्बिणीसाठी पाडलेल्या छिद्रांपेक्षा तो घाव खोल होता.

पहिले दोन आठवडे नुसते पातळ, तेही घोटघोट. मग कुस्करलेला मऊ भात. चौथ्या महिन्यात केस गळू लागले, तेव्हा वाटले, कशाला या फंदात पडलो! पण साखर उतरली, गोळ्या निम्म्या झाल्या आणि एके दिवशी जिना चढून थेट शिकवायलाच लागलो.

परवा फराळाचे ताट आले. आईने अनारसा मोडला, अर्धा मला दिला, अर्धा स्वतः खाल्ला. म्हणाली, ‘‘सावकाश चाव.’’

अपराध पोटात घालणे म्हणतात ते हेच. त्याला आईचेच पोट लागते.