गाडी कमी, फौजी जास्त

सेकंडहँड गाड्यांच्या जाहिराती वाचणं हा माझा जुना रिकामटेकडा छंद आहे. घ्यायचं काहीच नसतं. शनिवारी दुपारी जेवण अंगावर आलं की लोक टीव्ही लावतात, मी फिल्टर लावतो (पुणे, स्कूटर, ६०,००० च्या आत) आणि स्क्रोल करत पडून राहतो. घरच्यांच्या मते हा शुद्ध टाइमपास आहे. असेल. पण एवढ्या जाहिराती वाचून एक गोष्ट डोक्यात पक्की बसली आहे. ती आज लिहूनच टाकतो, कारण माझ्याच वयाची, माझ्याच धंद्यातली, चांगली शिकलेली पोरं अजूनही धडाधड गंडताहेत.

गोष्ट साधी आहे. खरी जाहिरात गाडीबद्दल बोलते. खोटी जाहिरात विकणाऱ्याबद्दल बोलते.

खरा माणूस कसा लिहितो बघा. "२०१८ मॉडेल, ३८,००० रनिंग, मागचा टायर बदलावा लागेल, इन्शुरन्स मार्चपर्यंत, कोथरूड, दुपारी १ ते ४ फोन करू नये." बास. त्याला गाडी विकायची आहे, तो कोण, कुठला, गाडी का विकतोय याच्याशी तुम्हाला काय करायचंय असा त्याचा रोखठोक बाणा असतो. उलट दुसरी जाहिरात वाचा. "मी सीआयएसएफमध्ये आहे, पुणे एअरपोर्टला ड्युटी होती, आता जम्मूला बदली झाली आहे म्हणून अर्जंट विकणे आहे, गाडी एकदम चकाचक." किती किलोमीटर? टायर कसे आहेत? सर्व्हिसिंग कधी केलं? काही पत्ता नाही. किंमत मात्र २२,०००, आणि त्याच मॉडेलच्या आजूबाजूच्या चार जाहिराती ५० च्या खाली यायला तयार नाहीत.

(तसं विकणाऱ्याची जात-कुळी सांगायची आपल्याकडे जुनीच पद्धत आहे म्हणा. पेपरातल्या छोट्या जाहिरातींमध्ये "डॉक्टरांची गाडी" नाहीतर "लेडी ड्रिव्हन" असायचंच. थापा असायच्या, पण निदान गाडी तरी असायची!)

आता हा फौजी नेमका का? मला हे डिझाइन म्हणून फार भारी वाटतं, राग येतो तो वेगळा. कुठल्याही शहाण्या गिऱ्हाईकाला तीन प्रश्न पडतात. इतकी स्वस्त का? मला बघायला का मिळत नाही? आणि तुझ्यावर विश्वास का ठेवू? बदली झालेला जवान हे या तिन्हीचं एकच उत्तर आहे. बदली अर्जंट आहे म्हणून स्वस्त. कॅन्टोन्मेंट किंवा एअरपोर्टच्या आत सिव्हिलियनला सोडत नाहीत म्हणून बघायला मिळत नाही. आणि जवान आहे म्हणून विश्वास. आपल्याकडे पोलिसाला पाहून माणूस खिसा चाचपतो, पण जवानाला पाहून हात आपोआप कपाळाकडे जातो. त्या हाताचेच पैसे वसूल केले जातात.

पुढचं मशीन कसं चालतं ते आमच्या टीममधल्या एका फ्रेशरच्या केसवरून सांगतो. त्याची परवानगी घेतली आहे, नाव लिहीत नाही. पोरगा सांगली जिल्ह्यातला, वाकडला चौघांत मिळून फ्लॅट, ऑफिस हिंजवडी फेज थ्रीला. रोजची बस नाहीतर शेअर रिक्षा, पावसाळ्यात तर दोन-दोन तास. चार महिन्यांच्या पगारातून थोडे थोडे बाजूला टाकलेले. त्याला वर दिली तशीच एक ॲक्टिवा दिसली.

फोनवर समोरचा अत्यंत अदबीने बोलतो. "सर, फौजी आदमी हूँ, दो बात नहीं करूँगा." व्हॉट्सॲपवर धडाधड फोटो येतात. गाडीचे, आरसीचे, आधारचे, कॅन्टीन कार्डचे, युनिफॉर्ममधला एक. मग सांगतो की गाडी युनिटच्या पार्सल ऑफिसला जमा आहे, आर्मीच्या ट्रान्सपोर्टने तुमच्या दारात येईल, गाडी बघा, चालवा, आवडली तर पैसे द्या. आत्ता फक्त गेटपासचे २,१००. तेही रिफंडेबल.

हा 'रिफंडेबल' शब्द लक्षात ठेवा.

२,१०० गेल्यावर तासाभराने 'आर्मी ट्रान्सपोर्ट'चा शिक्का असलेली पावती आली, पाठोपाठ हिरव्या कापडात गुंडाळलेल्या गाडीचा फोटो. मग कुठल्याशा 'ड्रायव्हर'चा फोन की गाडी निघाली आहे, पण ६,३०० चं सिक्युरिटी डिपॉझिट भरल्याशिवाय गेट उघडत नाही. मग जीपीएस आणि इन्शुरन्सचे १०,५००. मग 'तुम्ही उशीर केला म्हणून सिस्टिममध्ये एंट्री अडकली', ती सोडवायला १२,५००, आणि हे भरले की सगळे एकदम परत. बेरीज करा. ३१,४०० होतात. २२,००० च्या गाडीसाठी.

हे ऐकल्यावर ऑफिसमध्ये जो तो विचारत होता, अरे दुसऱ्या वेळी तरी थांबायचंस ना? बाहेरून सोपं वाटतं. पण पहिल्या २,१०० नंतर तो गाडी विकत घेतच नव्हता. तो २,१०० वाचवत होता. नंतर ८,४०० वाचवत होता. नंतर १८,९००. प्रत्येक पायरीला हिशोब तोच, एवढे भरले की मागचे सुटतील. आमच्या इथे मेलेल्या प्रोजेक्टवर आणखी एक रिलीज, आणखी एक रिलीज असं वर्षभर ढकलणारे मॅनेजर्स आहेत, ते यालाच स्ट्रॅटेजी म्हणतात. पोराला हसताना हे आठवावं.

आणि तो काही बावळट नव्हता, हाच खरा मुद्दा आहे. त्याने चेक केलं होतं! आरसीवरचा नंबर एम-परिवहन ॲपमध्ये टाकून पाहिला. मॉडेल बरोबर, रंग बरोबर, पासिंग पुण्याचं, इन्शुरन्स चालू. मालकाच्या नावातली मधली अक्षरं तिथे झाकलेली असतात, पण जी दिसली ती जुळली. सगळं खरं होतं. कारण आरसी खरीच होती. ती पुण्यातल्याच कुणा तिसऱ्या माणसाने आपल्या खऱ्या जाहिरातीत टाकलेली, किंवा 'गिऱ्हाईका'ला व्हॉट्सॲपवर पाठवलेली असते. तिथून उचलायची की झालं.

आपण इंजिनिअर लोक इथे हमखास गंडतो. आपल्याला डेटा व्हेरिफाय करायची सवय. नंबर सरकारी डेटाबेसमध्ये सापडला की हिरवी खूण, मनाला शांती. पण त्या खुणेचा अर्थ एवढाच की अशी एक गाडी जगात आहे. ती या फोनवरच्या माणसाकडे आहे हे कुठे सिद्ध झालं? पासवर्ड बरोबर टाकला म्हणजे टाकणारा तोच असं आपण ऑफिसमध्ये कधी मानत नाही, म्हणून तर ओटीपी लागतो. आधार, कॅन्टीन कार्ड, आयडी यांचंही तेच. कार्डाच्या फोटोवरून फक्त एवढं कळतं की कार्डाचा फोटो उपलब्ध आहे. त्यावरच्या बिचाऱ्या खऱ्या जवानाला आपल्या नावावर देशभर ॲक्टिवा विकल्या जाताहेत याचा पत्ताही नसतो, आणि शेवटी शिव्या त्यालाच बसतात.

मग ओटीपी कुठला? माझ्या मते एकच. "शनिवारी सकाळी १० ला येतो. गाडी कुठे बघू?" एवढंच विचारायचं आणि गप्प बसायचं. कोथरूडवाला म्हणेल ११ नंतर या, १० ला मी देवपूजा करतो. फौजीसाहेब मात्र पुन्हा गोष्ट सुरू करतील. तुम्ही जितके व्यवहाराकडे याल तितके ते कथेकडे जातील. बदली झालेले खरे जवानही गाड्या विकतात, नाही असं नाही. पण ते गेटबाहेर गाडी घेऊन येतात, नाहीतर मित्राकडे किल्ली ठेवून जातात, आणि चक्कर मारायला देतात. सिव्हिलियन गिऱ्हाईकाच्या दारात स्कूटर पोचवणारी कुरिअर कंपनी लष्कर चालवत नाही.

बाकी बारीकसारीक खुणा आहेत. फोटो गूगल लेन्समध्ये टाकला की तीच गाडी दुसऱ्या शहरात दुसऱ्या नावाने निघते. जाहिरात पुण्याची आणि पाठीमागच्या दुकानाची पाटी तेलुगूत. पण या खुणांवर फार भिस्त ठेवू नका, समोरचेही शिकतात. हे काही एकट्यादुकट्या भुरट्याचं काम नाही. पोलिसांच्या कारवायांमध्ये हरियाणा-राजस्थानच्या सीमेवरच्या मेवात पट्ट्याचं नाव पुन्हा पुन्हा येतं. एप्रिल २०२३ मध्ये हरियाणा पोलिसांनी नूह जिल्ह्यातल्या १४ गावांवर एकाच रात्री छापे घातले तेव्हा सुमारे ५,००० पोलिस लागले होते. एवढ्या मोठ्या 'कंपनी'शी आपण एकटे आपल्या हुशारीवर लढायला जाऊ नये.

गाडी प्रत्यक्ष समोर उभी असली की अर्धी लढाई जिंकली, पण अर्धीच. आरसीवर बँकेचा बोजा आहे का बघा. असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात पडेपर्यंत टोकनही देऊ नका. चेसिसवर कोरलेला नंबर स्वतः वाकून वाचा, फोटोतला नको. भाड्याने घेतलेली गाडी खोटी कागदपत्रं करून विकल्याचे प्रकार झाले आहेत, म्हणून 'भावाची गाडी आहे', 'मित्राची आहे' म्हटलं की भावाला किंवा मित्राला बोलवा. पैसे आरसीवर ज्याचं नाव त्याच्याच खात्यात, आणि फॉर्म २९-३० वर सह्या समोर. गाडी नावावर करायला कायद्याने घेणाऱ्याला ३० दिवस असतात, ते तिसाव्या दिवसापर्यंत ताणू नका. पुरात बुडालेल्या गाड्या, मागे फिरवलेले मीटर यांच्यावर वेगळा लेख होईल. तिथे निदान गाडी तरी मिळते :)

आता हसण्याबद्दल. आमच्या फ्रेशरने हे पंधरा दिवस कुणालाही सांगितलं नाही. ना घरी, ना रूममेट्सना. 'आयटीत आहेस आणि तुला टोपी घातली?' हे ऐकावं लागेल म्हणून. मी सहज विचारलं, अरे गाडी घेणार होतास ना, तेव्हा बांध फुटला. १९३० हा सायबर फ्रॉडचा हेल्पलाइन नंबर त्याला माहीत होता. पण लावला नाही. लगेच, पहिल्या तासा-दोन तासांत फोन केला तर पैसे ज्या खात्यात गेले तिथेच अडकवता येण्याची शक्यता असते. पंधरा दिवसांत ते किती खाती फिरून कुठल्या एटीएममधून निघाले असतील कोण जाणे. म्हणजे ३१,४०० नेले त्या फौजीने, पण ते परत मिळण्याची जी काही शक्यता होती ती आपल्या चेष्टेच्या भीतीने घालवली. 'लोभापायी गेले' म्हणणाऱ्यांचा मला खरंच संताप येतो. स्वस्त गाडी शोधणं हा लोभ नाही हो, चार महिन्यांची शिल्लक तेवढीच असते. ज्याच्याकडे पैसे आहेत तो शोरूममध्ये जातो.

विकणाऱ्यांसाठीही थोडं. तुमची जाहिरात लागल्यावर अर्ध्या तासात घासाघीस न करता, गाडी न बघता 'पक्की' म्हणणारा फोन आला तर तो त्याच खात्यातला. तो तुम्हाला क्यूआर कोड पाठवेल, स्कॅन करून पिन टाका म्हणजे पैसे जमा होतील म्हणेल. खात्री पटावी म्हणून आधी ५ रुपये मागून १० परतसुद्धा देईल. यूपीआयमध्ये पिन लागतो तो आपल्या खात्यातून पैसे जायला किंवा बॅलन्स बघायला. यायला काहीच लागत नाही. अनोळखी व्यक्तीने थेट कलेक्ट रिक्वेस्ट टाकायची सोय एनपीसीआयने १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली आहे, पण क्यूआर आहेच.

आणि कृपा करून जाहिरातीत आरसीचा फोटो टाकू नका. गाडीच्या फोटोत नंबर प्लेट झाका. फोनवर 'आरसी भेजिए सर' म्हणणाऱ्याला सांगा, घरी या, चहा घ्या, आरसी बघा. जो येईल त्याला झेरॉक्स द्या, त्यावर आडवं 'फक्त अमुक गाडीच्या विक्रीसाठी' असं लिहून आणि तारीख टाकून.