नऊच्या आकड्याचे सोवळे

जुन्या मोटारसायकलींची इंजिने नव्याने बांधणाऱ्यांत एक पंथ असा आहे, की त्याच्या मते पंपावरच्या साध्या पेट्रोलला 9:1 च्या पुढचे कॉम्प्रेशन झेपत नाही, आणि ज्याला हे मान्य नाही त्याने वितळलेला पिस्टन पाहण्याची तयारी ठेवावी. पिस्टन तळाशी असताना सिलिंडरात असणाऱ्या जागेला तो माथ्यावर असताना उरणाऱ्या जागेने भागले, की हे गुणोत्तर मिळते. ते वाढवले की कोंडलेले मिश्रण अधिक तापते आणि ज्योत पोचण्याआधीच कडेचे मिश्रण आपणहून पेटून इंजिन ठोके देऊ लागते, एवढे या पंथाचे म्हणणे खरे आहे.

परंतु ते गुणोत्तर निव्वळ भूमितीचे असते. पिस्टन तळ गाठून वर निघाला तरी इनटेक व्हॉल्व्ह काही काळ उघडाच राहतो, तोवर मंद वेगात मिश्रणाचा काही भाग परत मागे ढकलला जातो, आणि खरी दाबणी व्हॉल्व्ह बसल्यावरच सुरू होते. स्ट्रोक 90 मिमी, कनेक्टिंग रॉड 160 मिमी आणि कागदावरचे गुणोत्तर 10:1 असे इंजिन घेतले आणि व्हॉल्व्ह तळानंतर 40 अंशांवर मिटला, तर प्रत्यक्ष दाबणी सुमारे 9.2 भरते, तोच 60 अंशांवर मिटला तर सुमारे 8.2. आता पंथाचे आज्ञापालन करून 9:1 वर थांबावे आणि हौसेने त्यावर व्हॉल्व्ह 60 अंशांवर मिटवणारा, शर्यतीच्या धर्तीचा कॅमशाफ्ट चढवावा, म्हणजे हाती 7.4 उरतात, गाडी खालच्या वेगात ओढत नाही, आणि मग कार्ब्युरेटरचे जेट बदलत बसण्याचा कुळाचार यथासांग सुरू होतो. दोष अर्थातच पेट्रोलचा.

शिवाय सगळ्या पंपांवरचे पेट्रोल एकच नव्हे. भारतातला 91 हा आकडा रिसर्च पद्धतीने काढलेला ऑक्टेन, म्हणजे ठोक्याला विरोध करण्याची क्षमता, दाखवतो. अमेरिकेतला 91 हा दोन पद्धतींची सरासरी असल्याने तो इथल्या 95 च्या जवळपास जातो, हे परदेशी कोष्टके उतरवून घेणाऱ्यांच्या गावी नसते. माझ्दाने तर 2011 मध्ये जपानच्या साध्या पेट्रोलवर 14:1 ची डेमिओ ही कार विकली. तिथे थेट इंजेक्शन आणि संगणक होता, हा आक्षेप रास्त आहे. पण मर्यादा केवळ पेट्रोलची नसून इंजिनाच्या घडणीचीही आहे, हेच त्यातून सिद्ध होते. 2000 साली देशभर पेट्रोलमधले शिसे गेले तेव्हाही सगळी जुनी इंजिने बुडाली म्हणून असाच आक्रोश झाला होता आणि त्यांतली पुष्कळ अजून धावत आहेत.

मग गुणोत्तर निवडावे कसे? आधी कॅमशाफ्ट ठरवावा, मग सिलिंडर हेडचा धातू पाहावा, कारण ॲल्युमिनियम उष्णता लवकर वाहून नेते, आणि शेवटी विदर्भातल्या मे महिन्याला पुरेल एवढी सवड ठेवून आकडा ठरवावा. हव्यासालाही फारसे कारण नाही: आदर्श ऑटो चक्राच्या गणितात 8 वरून 9 वर जाताना कार्यक्षमता दोन टक्क्यांच्या आसपास वाढते, 11 वरून 12 वर जाताना जेमतेम सव्वा. हेड घासायला देण्यापूर्वी व्हॉल्व्ह किती अंशांवर मिटतो, हे एकदा मोजून घ्यावे.