चौदाव्या वर्षी कोणत्या गोष्टी द्याव्यात?



जून महिना आला की औरंगपुऱ्यात पाऊल ठेवायला जागा नसते. पाठ्यपुस्तके, वह्या, गाइड, कव्हरचे खाकी कागद, सारे पिशव्या भरभरून घरी जाते. त्याच भागातल्या दुकानांत कथासंग्रहांचे कपाटही असते, पण तिकडे फारसे कोणी वळत नाही. लहान मुलासाठी चित्रांचे पुस्तक घेणारे आई-बाप आता आपल्या वस्तीतही दिसतात, ही आनंदाची गोष्ट. मात्र मूल सातवी-आठवीत गेले की 'अभ्यास कर' एवढेच त्याच्या वाट्याला येते. बारा ते अठरा हे कुमारवय. या वयात वाचनाचा धागा तुटला तर पुढे तो जुळणे अवघड. म्हणून या खेपेला या वयाच्या मुलामुलींना देण्याजोग्या कथासंग्रहांविषयी आमचे मत मांडतो. आम्ही समीक्षक नव्हे. दिवसभर ऑफिसात आकडेमोड करून रात्री वाचणारे साधे वाचक आहोत.

'कुमारकथा' असे मुखपृष्ठावर छापलेले पुष्कळ संग्रह आम्ही चाळले. त्यांतल्या बऱ्याच संग्रहांत दोन गोष्टी खटकल्या. एक, गोष्टीच्या शेवटी तात्पर्याचे शेपूट. चौदा वर्षांच्या मुलाला गोष्ट कळते. शेवटी उपदेश आला की तो पुस्तक मिटतो. दुसरी, गोष्टीतले घर. तिथे अभ्यासाला वेगळी खोली, सुटीत मामाचा वाडा, दारात बाबांची गाडी. एका खोलीत सहाजण राहतात, आई धुणीभांडी करते, बाप चिकलठाण्याच्या कारखान्यात रात्रपाळीला जातो, असे घर गोष्टीत आलेच तर कीव करण्यापुरते येते. असेच वाचत मोठ्या झालेल्या मुलाला वाटू लागते की गोष्टी घडतात त्या दुसऱ्यांच्या घरी.

याचा अर्थ लेखकाची जात पाहून पुस्तक निवडावे असा मुळीच नाही. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आपल्या मुलांनी जरूर वाचावा. फुरसुंगीचा हा काटकुळा पोरगा सायकलवर टांग मारून संकटात उडी घेतो आणि स्वतःच्या डोक्याने बाहेर पडतो. प्रकाश नारायण संतांचा 'वनवास' (१९९४) आणि त्यापुढचे 'शारदा संगीत', 'पंखा', 'झुंबर' हे संग्रहही द्यावेत. त्यांतला लंपन सीमाभागात आजी-आजोबांकडे वाढतो. त्याचे घर आपल्यासारखे नाही, पण आईपासून लांब राहणाऱ्या मुलाच्या मनात काय चालते ते संतांनी खरे लिहिले आहे. वसतिगृहात राहणाऱ्या आपल्या मुलाला तो लगेच जवळचा वाटेल.

आता आपल्या घरच्या गोष्टींकडे येऊ. बंधुमाधव यांची 'विषारी भाकर' ही कथा तेरा-चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाने वाचावी. नातू आजोबांबरोबर पाटलाच्या शेतावर राबायला जातो, मजुरी म्हणून टाकाऊ भाकर मिळते आणि तीच म्हाताऱ्याचा जीव घेते. शिकायचे कशासाठी, हे मरता मरता आजोबा नातवाला सांगतात. अर्जुन डांगळे यांनी १९९२ साली दलित साहित्याच्या इंग्रजी अनुवादांचे पुस्तक संपादित केले, त्याला याच कथेवरून 'पॉयझन्ड ब्रेड' हे नाव दिले. ऊर्मिला पवार यांच्या 'कवच' कथेत एक शाळकरी मुलगा आंबे विकणाऱ्या आईबरोबर बाजाराला निघतो. गिऱ्हाइके वाकडेतिकडे बोलतात, मुलाला लाज वाटते, आणि आई तिच्या पद्धतीने त्यांना पुरून उरते. ज्यांच्या आया गाड्यावर भाजी विकतात त्या मुलांना ही कथा समजावून सांगावी लागणार नाही. भास्कर चंदनशिव यांची 'लाल चिखल' अनेकांनी पाठ्यपुस्तकात वाचली असेल. भाव पडल्यावर बाप भर बाजारात टोमॅटो तुडवतो, ते चित्र प्रश्नोत्तरांतच अडकून राहू नये. त्यांचा 'जांभळढव्ह' हा संग्रह आणून द्यावा. अण्णा भाऊ साठे यांची 'बरबाद्या कंजारी' सोळाव्या वर्षी द्यावी. जातपंचायतीपुढे लेकीच्या बाजूने उभा राहणारा बाप आपल्या मुलींना भेटला पाहिजे.

वाद होतो तो बाबूराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) या संग्रहावरून. एका भगिनीने आम्हाला विचारले, "आम्ही जे सोसलं ते लेकरांना कशाला वाचायला द्यायचं? त्यांनी तरी हसतखेळत राहावं." प्रश्न आईच्या काळजाचा आहे, तो हसण्यावारी नेऊ नये. पण मुलगी उद्या परगावी खोली भाड्याने घ्यायला जाईल तेव्हा घरमालक आडनाव विचारणारच. तो प्रश्न तिला पहिल्यांदा त्या दारात भेटावा की पुस्तकात? बागुलांचा नायक रेल्वेत नोकरीला लागतो आणि डोक्यावर छप्पर मिळावे म्हणून जात लपवतो. त्यानंतर त्याला शब्दन् शब्द तोलून बोलावे लागते आणि शेवटी बिंग फुटल्यावर मारही खावा लागतो. त्याच कथेत जात न लपवता छातीठोक वागणारा काशिनाथही आहे. बागुल स्वतः रेल्वेत कामाला होते, त्यामुळे त्यात ऐकीव काही नाही. लाज कोणी वाटून घ्यायची, विचारणाऱ्याने की सांगणाऱ्याने, याचा विचार मुलगी ही कथा वाचून करू लागेल. दहावी झालेल्या मुलामुलींना ती अवश्य द्यावी, असे आमचे मत आहे. संग्रहातली प्रत्येक कथा मात्र त्या वयाची नाही. म्हणून आधी आई-बापांनी वाचावे, कथा निवडावी आणि मग पुस्तक हाती द्यावे. आईला वाचता येत नसेल तर मुलीने मोठ्याने वाचावे, आईने ऐकावे. त्यातून जे बोलणे निघेल ते कोणत्याही शिकवणीत मिळणार नाही.

खर्चाचेही पाहू. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघते. त्याचे जुने अंक मोबाइलवर मोफत वाचता येतात. १४ जानेवारीला विद्यापीठाच्या गेटवर पुस्तकांचे स्टॉल लागतात, तिथे प्रतिमांबरोबर एक कथासंग्रहही घ्यावा. चार घरांनी मिळून चार वेगवेगळे संग्रह घेतले आणि महिन्याने अदलाबदल केली, तर एका पुस्तकाच्या खर्चात चार पुस्तके वाचून होतात.

शेवटी एकच विनंती. मुलाने गोष्ट वाचली की 'तात्पर्य काय?' असे विचारू नका. 'तू त्याच्या जागी असतास तर काय केले असतेस?' असे विचारा, आणि त्याचे उत्तर पूर्ण ऐकून घ्या. तुमच्या मुलांनी कोणता संग्रह आवडीने वाचला तेही आम्हाला जरूर कळवा.

जयभीम.