भेट की वेठ?

‘प्रेमाने विणलेल्या वस्तूला किंमत कसली लावायची?’ हे वाक्य स्त्रियांच्याच व्यासपीठांवर मी इतक्यांदा ऐकले आहे, की आता त्यावर लिहिणे भाग आहे.

मी ऑकलंडला राहते. इथल्या माओरी बायकांच्या वर्गात हाराकेके विणायला शिकले. आपल्या जवसाशी या झाडाचे काही नाते नाही. जवसासारखा धागा निघतो म्हणून इंग्रजांनी त्याला ‘फ्लॅक्स’ म्हटले, एवढेच. लांब, तलवारीसारखी पाने कापायची, नखाने त्यांच्या पट्ट्या फाडायच्या, सुरीच्या बोथट कडेने घासून मऊ करायच्या आणि मग विणायला बसायचे. एका छोट्या टोपलीला माझी अख्खी दुपार जाते. बोटे चिरतात ती वेगळीच.

मग एखाद्या महिला परिषदेचा निरोप येतो: ‘पाहुण्यांसाठी तीस टोपल्या कराल ना? पाने तर बागेतच आहेत!’ सभागृहाचे भाडे ठरलेले, माईकवाल्याचे बिल ठरलेले, जेवणाची ताटे मोजलेली. विणणारीच्या दुपारी तेवढ्या मोजायच्या नाहीत. महाराष्ट्रातल्या मैत्रिणी गोधड्यांबद्दल आणि क्रोशाच्या रुमालांबद्दल हेच सांगतात. मिळालेच तर दोऱ्याचे पैसे मिळतात. घरकामाला मोल नाही म्हणून मोर्चे काढणाऱ्या आपण आपल्याच मंचावर बाईचे श्रम फुकट घेतो, याला काय म्हणायचे?

उत्तर तयार असते: ‘माओरी परंपरेतच विणलेले देऊन टाकतात.’ अर्धेच खरे आहे. शिकणारीने विणलेली पहिली वस्तू स्वतःजवळ ठेवायची नसते, दुसऱ्याला द्यायची असते. पण पहिली! तिसावी नव्हे. आणि ती आपल्या हाताने द्यायची असते. हक्काने मागून घेतली की भेटीची वेठ होते.

वेठीचा इतिहासही याच झाडाला आहे. १८२० च्या दशकात युरोपीय व्यापाऱ्यांना दोरखंडासाठी हा धागा हवा होता आणि माओरी जमातींना बंदुका. शिंपल्याने पाने खरवडून धागा काढणारे हात मात्र मुख्यतः बायकांचे आणि लढायांत पकडून आणलेल्या गुलामांचे होते. सौदा त्यांच्या श्रमांचा झाला, बंदुका गेल्या दुसऱ्यांच्या हाती.

याउलट रंगिमारिए हेटेट (१८९२–१९९५) यांच्याकडे पाहा. माओरी महिला कल्याण संघ १९५१ मध्ये स्थापन झाला. त्याच्यामार्फत त्यांनी जमातीबाहेरच्या स्त्रियांनाही विणकाम शिकवले. विद्या जमातीतच राखण्याचा रिवाज त्यांनी मोडला, कारण ती टिकायला हवी होती. तो निर्णय त्यांचा स्वतःचा होता. देणे याला म्हणतात.

हाराकेके कापण्याचा एक नियम आहे. मधला कोंब म्हणजे मूल, त्याला लगटून असलेली दोन पाने म्हणजे आईबाप. त्यांना सुरी लावायची नाही. बाहेरची जुनी पाने तेवढी घ्यायची. रोप जगले तरच पुढचे विणकाम. झाडासाठी पाळायचा हा विवेक विणणारीसाठी का नाही?

माझी मागणी साधी आहे. परिषदेच्या अंदाजपत्रकात सभागृहाच्या भाड्याशेजारी विणणारीच्या तासांची मजुरी लिहा. तेवढे पैसे नसतील तर भेटवस्तूंचा थाट नको. पाहुण्यांना रिकाम्या हाती जाऊ द्या. ज्या बाईला मनापासून द्यायचे असेल, ती न मागता देईल.