सगळ्या कळपाला डोस नको

पाऊस सुरू झाला की सगळा कळप धरून जंताचं औषध पाजा आणि लगेच नव्या चराईवर न्या, हा सल्ला लहान मेंढपाळांना सर्रास दिला जातो. त्यामागचा युक्तिवाद असा : एक जरी मेंढी सुटली तरी तिच्या लेंड्यांतून साऱ्या कळपाला पुन्हा बाधा होणार.

बाधा होते, हे खरं. पण सरसकट डोसाने ती थांबत नाही, हट्टी मात्र होते. हिमाँकस हा रक्त शोषणारा जंत मेंढीच्या पोटाच्या चौथ्या कप्प्यात राहतो. त्याची एक मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते. एवढ्या पैदाशीत औषधाला न जुमानणारे थोडे जंत निपजतातच. सगळ्यांना औषध पाजलं की तेवढेच उरतात आणि कोऱ्या कुरणात पडणारी अंडीही त्यांचीच असतात. थायाबेंडाझोल १९६१मध्ये आलं आणि १९६४मध्येच त्याला दाद न देणाऱ्या जंतांची नोंद झाली. ‘औषध बदलू’ म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, अल्बेंडाझोलऐवजी फेनबेंडाझोल घेतलं तर बाटली बदलते, औषधाचा गट तोच राहतो.

बहुतेक जंत कळपातल्या थोड्याच मेंढ्यांच्या पोटात असतात. त्या हेराव्यात आणि त्यांनाच पाजावं. दक्षिण आफ्रिकेत यासाठी ‘फामाचा’ तक्ता तयार झाला. खालच्या पापणीच्या आतला रंग पाहायचा : लाल म्हणजे पहिला क्रमांक, पांढराफटक म्हणजे पाचवा. फिकट डोळ्यांच्या, जबड्याखाली पाणी साठलेल्या मेंढीला डोस द्यावा, लाल डोळ्यांच्या धडधाकट मेंढीला देऊ नये. तिच्या पोटातले, औषधाने मरू शकणारे जंत कुरणात टिकले, तरच हट्टी जंतांचं राज्य होत नाही.

‘डोळे तपासायला वेळ कुणाला?’ तीस-चाळीस मेंढ्यांच्या धन्याला तर नक्कीच आहे. पावसाळ्यात दर पंधरवड्याला एक सकाळ पुरते. ‘सगळेच जंत रक्त शोषत नाहीत, आणि यकृतातल्या चपट्या कृमींनीही डोळे फिकटतात,’ हा आक्षेप मात्र रास्त आहे. म्हणून हगवण लागलेली, वाळत चाललेली कोकरं वेगळी काढून त्यांच्या लेंड्या तपासून घ्याव्यात. डोस अंदाजाने नव्हे, वजनावर द्यावा, कारण अपुऱ्या मात्रेतून हट्टी जंतच तगतात. डोसाआधी आणि नंतर चौदा दिवसांनी अंडी मोजावीत. ती ९५ टक्क्यांनी घटली नाहीत, तर ते औषध हातचं जाऊ लागलं आहे.

गावोगावच्या शिबिरांत बाटल्या वाटण्याआधी पापणी उलटून पाहायला शिकवा. औषध टिकवण्याची ताकद खुद्द मेंढपाळाच्या हातात आहे आणि ती त्याला द्यायलाच हवी.