हाकेचे नाव

सेवाग्रामच्या आश्रमात पाहुण्यांना मातीच्या भिंतींची एक साधी झोपडी दाखवितात. तिचे नाव ‘बापू कुटी’. जवळच ‘बा कुटी’ आहे. महात्मा गांधी १९३६ साली येथे राहावयास आले, तेव्हा या गावाचे नाव शेगाव होते. १९४० साली ते सेवाग्राम झाले.

‘बापू’ हा शब्द मात्र गांधीजींबरोबर आमच्या जिल्ह्यात आला नाही. तो मराठी घरांत पूर्वीपासूनच नांदत होता. वडील भावाला, चुलत्याला, गावातील वृद्धाला आपण बापू म्हणतो. मौज अशी की, पाळण्यातील मुलालाही बापूच म्हणतात! नातवाला आजोबांचे नाव ठेवले, म्हणजे सासऱ्यांचे नाव तोंडाने घ्यावे कसे, असा पूर्वी सुनेला संकोच वाटे. मग ती मुलाला ‘बापू’ अशी हाक मारी. पेशवाईच्या अखेरचे सेनापती बापू गोखले यांचे खरे नाव नरहर, वणीचे लोकनायक बापूजी अणे यांचे माधव, तर १९६४ साली मद्रासच्या कसोटी सामन्यात लागोपाठ एकवीस षटके निर्धाव टाकणारे बापू नाडकर्णी यांचे रमेशचंद्र.

‘बा’ची कथाही अशीच आहे. गुजरातीत बा म्हणजे आई, जुन्या मराठीत बा म्हणजे बाप. विठोबा, ज्ञानोबा, तुकोबा या नावांत तोच जिव्हाळा आहे. विनायक भावे यांना गांधीजींच्या आश्रमात ‘विनोबा’ म्हणू लागले आणि जगाने तेच नाव स्वीकारले.

कित्येकांचे मत असे की, टोपणनावे मुळीच नसावीत. हजेरीपटावरील नावानेच प्रत्येकाला हाक मारावी. मला हे पटत नाही. हजेरीपटावरील नावाने माणूस ओळखू येतो; हाकेच्या नावाने तो आपला होतो. परंतु हाकेने माणूस दुखावतोही, हे मी स्वानुभवाने शिकलो. माझ्या वर्गात एक मुलगा किंचित लंगडत चाले. सोबती त्याला त्याच्या व्यंगावरून हाक मारीत. एकदा ती हाक ऐकून मीही हसलो. त्याने मान खाली घातली. त्या दिवशी त्याने एकाही प्रश्नाचे उत्तर दिले नाही. शाळा सुटल्यावर त्याची आजी त्याला नेण्यास आली. “बापू, चल रे,” एवढेच ती म्हणाली. लगेच त्याची मान वर झाली. दुसऱ्या दिवशी सर्व वर्गासमक्ष मी त्याची क्षमा मागितली.

आपले नाव आपण निवडीत नाही, ते दुसऱ्यांनी दिलेले असते. परंतु दुसऱ्याला कोणत्या नावाने हाक मारावी, हे मात्र सर्वस्वी आपल्याच हाती असते. मुलांनो, ज्या हाकेने समोरच्याचा चेहरा उजळतो, तेच त्याचे खरे टोपणनाव. ज्या हाकेने त्याची मान खाली जाते, ते नाव नव्हे. तो घाव होय.